मुक्कामाची नीती

वाटसरूच्या थांबण्याला मराठीत अनेक शब्द आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. घटकाभर टेकणे म्हणजे विसावा. रात्र काढणे म्हणजे वस्ती. शिधा सोडून, चूल मांडून राहणे म्हणजे मुक्काम. आणि मुक्काम लांबला की त्याचे बिऱ्हाड होते. यांपैकी 'मुक्काम' हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठी दप्तरात आला आणि पुढे घराघरांत रुळला. आजही खेड्यातील पत्त्याच्या आरंभी 'मुक्काम पोस्ट' असे लिहिले जाते. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहणाऱ्या कुटुंबाच्या घरालाही भाषेने तात्पुरत्या थांब्याचेच नाव द्यावे, यात एक जीवनदृष्टी सूचित झालेली आहे. तथापि येथे विचार करावयाचा आहे तो या रूपकाचा नव्हे, तर प्रत्यक्ष मुक्कामाचा. काही एक संकल्प करून लांबच्या पल्ल्यावर पायी निघालेला माणूस वाटेतील शहरात थांबतो, तेव्हा नैतिक दृष्ट्या नेमके काय घडते? थांबणे हा संकल्पातील खंड असतो, की संकल्पाचाच भाग? आणि त्या शहरानेच त्याला 'येथेच राहा' असे म्हटले तर त्याने कोणाशी इमान राखावे, पुढे वाट पाहणाऱ्यांशी की समोर उभे असलेल्यांशी?

भारतीय परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. श्रमणधर्मांत भटकंती हेच व्रत होते. एका जागी रमणे म्हणजे संग, आणि संग म्हणजे बंधन. तरीही जैन आणि बौद्ध या दोन्ही परंपरांनी पावसाळ्यात थांबण्याचा नियम केला. बौद्ध विनयग्रंथात या नियमाची उत्पत्ती सांगितली आहे. पावसाळ्यातही भिक्षू हिंडतात, कोवळे हिरवे तृण आणि बारीक जीवजंतू तुडवितात. पाखरेसुद्धा या दिवसांत घरटी करून राहतात, अशी तक्रार लोकांनी केली आणि त्यानंतर वर्षावासाची आज्ञा झाली. म्हणजे थांबण्याचे कारण चालणाऱ्याचा थकवा हे नव्हते. आपल्या चालण्याने इतरांना होणारी इजा हे होते. याच नियमाला अपवादही जोडलेला आहे. आजारी सहकारी, आईवडील किंवा अन्य निकडीचे काम यांसाठी बोलावणे आले तर भिक्षूने सात दिवसांपुरता वर्षावास सोडून जावे. चालणे आणि थांबणे या दोहोंपैकी एकही स्वतःपुरते पवित्र नाही, दोघांनाही दुसऱ्याच्या दुःखाची कसोटी आहे, हे सूत्र येथे प्रथम स्पष्ट होते.

महाराष्ट्रात महानुभाव पंथाने आपल्या संन्याशांसाठी अटन आणि विजन सांगितले. गावाचा, माणसांचा, स्थळाचा संबंध जडू नये म्हणून नित्य हिंडत राहावे, ही त्यामागची भूमिका. पण याच पंथाने श्रीचक्रधरांच्या थांबण्याच्या जागा अपूर्व निष्ठेने जतन केल्या. 'स्थानपोथी' हा ग्रंथ म्हणजे चक्रधर कोठे बसले, कोठे एक रात्र राहिले, कोठे अधिक काळ राहिले याची नोंद आहे. आसन, वसति आणि अवस्थान असे भेद तीत केलेले आढळतात, आणि त्या त्या जागी ओटे बांधून स्मृती राखलेली आहे. ज्याने स्थळाचा मोह सोडा असे सांगितले, त्याच्याच मुक्कामांची ही सूची एका पंथाची पवित्र भूमी ठरली. याला विसंगती म्हणण्याचे कारण नाही. चालणारा माणूस शिकवितो ते पुष्कळदा थांबल्यावर. वाट ही त्याची साधना असते, तर मुक्कामात त्याची इतरांशी गाठ पडते.

वारीच्या परंपरेत ही गोष्ट अधिक ठसठशीतपणे दिसते. ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून निघते ती पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री राहते. एरवी रोजचा मुक्काम वेगळा. मुक्कामाच्या तळावर सायंकाळी समाजआरती होते. तिच्या आधी चोपदार आपला दंड उंचावतो, तेव्हा सर्व दिंड्यांचे टाळ थांबावेत असा संकेत आहे. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती टाळ वाजवीत राहते, आणि तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते. वाटेत सापडलेल्या वस्तूंची घोषणा येथेच होते आणि ज्याची त्याला मिळते. दिवसभराच्या चालण्यात जे हरवले, जे दुखावले, त्याचा हिशेब रात्री मुक्कामावर होतो. या व्यवस्थेत व्यवहारज्ञान आहे आणि नीतीही आहे.

मात्र मुक्काम समता निर्माण करतोच असे नाही. वाटेवर झाकलेली विषमता तो कधी कधी उघडीही पाडतो. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' या संग्रहातील 'वाटचाल' या लेखात वारीतील स्वतःचा अनुभव नोंदविला आहे. एकाच दिंडीत बरोबर चालणारी, एकच भजन म्हणणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीजातीने वेगळी बसत, ही त्यांना बोचलेली गोष्ट. चालताना सर्वांची पावले एका ठेक्यात पडतात. पान मांडले की प्रश्न उभा राहतो. म्हणून एखाद्या यात्रेची नैतिक परीक्षा करावयाची असेल तर ती मिरवणुकीवरून न करता तळावर करावी, असा निष्कर्ष या लेखातून काढता येतो.

या विचाराला विसाव्या शतकातील सर्वांत कठीण उदाहरण मिळाले ते कलकत्त्यात, १९४७ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी एका गोष्टीची आठवण मराठी वाचकाने ठेवणे उचित होईल. बंगालला मराठी मुक्कामाचा परिचय प्रथम झाला तो वेगळ्या रूपाने. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर याने कटवा येथे छावणी केली. त्या व पुढील वर्षांतील स्वाऱ्यांमुळे 'बर्गी' हा शब्द बंगाली अंगाईगीतात भीतीचा शब्द म्हणून जाऊन बसला. कलकत्त्यातील रहिवाशांनी शहराच्या संरक्षणासाठी जो खंदक खणावयास घेतला तो 'मराठा खंदक' म्हणूनच ओळखला गेला. तो पुढे बुजवला गेला आणि त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड आला. मुक्काम हा शब्द स्वभावतः निरागस नाही, हे या इतिहासावरून ध्यानी घ्यावे. जो थांबतो तो काय मागण्यासाठी थांबतो, यावर त्या थांबण्याचे मोल ठरते.

खंदकाच्या त्याच रेषेच्या पूर्वेस बेलियाघाटा ही वस्ती आहे. तेथील 'हैदरी मंझिल' या मोडकळीस आलेल्या घरात १३ ऑगस्ट १९४७ रोजी गांधीजी राहावयास आले. ते कलकत्त्याला राहण्यासाठी निघाले नव्हते. त्यांना नोआखालीला जावयाचे होते. १९४६ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात झालेल्या भीषण कत्तलीनंतर ऑक्टोबरमध्ये नोआखालीत हिंदूंवर अत्याचार झाले, तेव्हा ते तेथे गेले. श्रीरामपूर या गावी सहा आठवडे राहिले, आणि २ जानेवारी १९४७ पासून त्यांनी पायी फिरण्यास आरंभ केला. वय सत्त्याहत्तर, पाय अनवाणी, साधारणतः एका गावी एक रात्र, आणि शक्य तेथे मुसलमानाच्या घरी उतरण्याची इच्छा. सात आठवड्यांत सुमारे ११६ मैल आणि ४७ गावे झाली. मार्चच्या आरंभी बिहारमधील मुसलमानांच्या हाकेमुळे त्यांना ही वाट मध्येच सोडावी लागली. आपण परत येऊ असे नोआखालीला त्यांनी सांगितलेले होते. ऑगस्टमधील प्रवास हा त्या शब्दाच्या पूर्तीसाठी होता.

९ ऑगस्टला ते कलकत्त्याजवळ सोदपूरला पोहोचले. शहराचे माजी महापौर मोहम्मद उस्मान यांच्यासह मुस्लिम पुढाऱ्यांनी त्यांना थांबण्याची विनंती केली. वर्षापूर्वी ज्यांनी मारले त्यांच्यावर आता सत्तांतराच्या क्षणी सूड उगवला जाईल, ही भीती खरी होती. येथे गांधीजींनी जे केले ते नीतिविचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यांनी विनंती मान्य केली, पण विनाअट नव्हे. नोआखालीतील हिंदूंच्या सुरक्षिततेची हमी या पुढाऱ्यांनी घ्यावी, ही एक अट. शहीद सुऱ्हावर्दी यांनी आपल्याबरोबर एकाच छपराखाली राहावे, ही दुसरी. १९४६ च्या कत्तलीच्या वेळी सुऱ्हावर्दी बंगालचे मुख्यमंत्री होते आणि हिंदूंच्या मनात त्यांच्याविषयी तीव्र रोष होता. म्हणजे मुक्कामाची जागा धोक्याची निवडली, आणि सोबतीही असा निवडला की ज्याच्यामुळे धोका वाढेल.

पहिल्याच दिवशी हिंदू तरुणांचा जमाव घरापुढे आला. गेल्या वर्षी आम्ही मरत होतो तेव्हा तुम्ही कोठे होता, असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न उद्धटपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. जेथे थांबले नाही त्या जागेचा हिशेब, जेथे थांबले त्या जागी मागितला जातोच. गांधीजींनी त्या तरुणांशी चर्चा केली. १५ ऑगस्टचा दिवस त्यांनी उपवास आणि सूतकताई यांत घालविला. शहरात त्या दिवसांत हिंदू-मुसलमान एकत्र रस्त्यावर आले, ईदला एकमेकांना भेटले. पण ३१ ऑगस्टच्या रात्री जमावाने घरावर हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी शहरात पुन्हा रक्त सांडले. नोआखालीकडे निघण्याच्या तयारीत असलेल्या गांधीजींनी १ सप्टेंबरच्या रात्री उपवास सुरू केला. शांततेसाठी रस्त्यावर उतरलेल्या सचिन मित्र आणि स्मृतीश बंद्योपाध्याय यांनी याच दिवसांत प्राण गमावले. ४ सप्टेंबरला सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी लेखी शब्द दिला आणि ७३ तासांनंतर उपवास सुटला. ७ सप्टेंबरला ते पंजाबला जाण्यासाठी दिल्लीकडे निघाले. दिल्लीतही त्यांना थांबावे लागले आणि ३० जानेवारी १९४८ ला तेथेच त्यांचा अंत झाला. पंजाब राहिला. नोआखाली तर कायमचीच राहिली.

या घटनेकडे 'कलकत्त्याचा चमत्कार' म्हणून पाहण्याची रीत आहे. दीनानाथ तेंडुलकर यांच्या आठ खंडांच्या चरित्रात, किंवा गांधीजींचे बंगालमधील सहकारी आणि मानवशास्त्रज्ञ निर्मलकुमार बोस यांनी मतभेद न लपविता लिहिलेल्या पुस्तकात, या दिवसांचे तपशील मिळतात. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने चमत्काराइतकीच त्याची किंमत महत्त्वाची आहे. ही किंमत नोआखालीतील त्या खेड्यांनी दिली, ज्यांच्या दारी एक रात्र राहून गेलेला माणूस परत येणार होता आणि आला नाही. कलकत्त्यातील मुक्काम योग्य होता असे म्हणताना हे वाक्य गाळले तर ते समर्थन अप्रामाणिक होते.

मग हा मुक्काम योग्य कसा ठरतो? केवळ परिणामांवरून, असे उत्तर कोणी देईल. किती प्राण वाचले याचा अंदाज करून दोन पारड्यांची तुलना करता येईल. पण थांबण्याचा निर्णय करताना परिणाम हाती नसतात. १३ ऑगस्टला गांधीजींना जे ठाऊक होते ते इतकेच, की हाक मारणारे समोर आहेत आणि वाट पाहणारे दूर आहेत. समोरच्याचा हक्क निकटतेमुळे आपोआप मोठा होतो, असेही मानता येत नाही. तसे मानले तर दिलेल्या शब्दाला अर्थच उरत नाही, कारण वाटेवर प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी हाक मारणारच. या निर्णयाचे नैतिक सामर्थ्य त्याच्या अटीत आहे. थांबताना त्यांनी पुढच्या मुक्कामाला विसरले नाही. ज्यांनी थांबविले त्यांच्यावरच पुढच्यांची जबाबदारी टाकली. एका ठिकाणचे कर्तव्य दुसऱ्या ठिकाणच्या कर्तव्याशी बांधून घेतले. नोआखालीत त्यांचे सहकारी वेगवेगळ्या गावांत राहून काम करीतच होते. तरीही काही ऋण शिल्लक राहिले. योग्य निर्णयानंतरही ऋण उरू शकते, हे मान्य करण्याची तयारी नसेल तर नीतिविचार केवळ स्वतःला निर्दोष ठरविण्याची कला होऊन बसतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्राच्याच मातीतले आहे. विनोबा भावे यांची पदयात्रा १९५१ च्या एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाला आरंभ झाल्यावर वर्षानुवर्षे चालली. ती बंगालमधूनही गेली; १९६२ च्या सप्टेंबरात पूर्व पाकिस्तानातूनही गेली. रोज नवे गाव, रोज नवी सभा, आणि दुसऱ्या पहाटे पुढची वाट, हा तिचा सर्वसाधारण क्रम. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात आली. पण यांतील बरीच जमीन नापीक किंवा वादग्रस्त निघाली आणि पुष्कळ जमिनीचे वाटप झालेच नाही. दानपत्रावर सही करणे हे एका रात्रीचे काम होते. मोजणी, नोंद, ताबा आणि बैलजोडी ही वर्षांची कामे होती. ती मागे राहणाऱ्या कार्यकर्त्यांवर सोपविलेली होती आणि त्यांची संख्या अपुरी होती. विनोबांच्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही निःसंगपणे पुढे जाणे हा चालणाऱ्याचा गुण प्रसंगी मागे राहणाऱ्यांचा तोटा ठरतो, हे भूदानाच्या इतिहासातून शिकावे लागते. एकाने थांबून एक शब्द अपुरा सोडला. दुसऱ्याने न थांबता अनेक कामे अपुरी सोडली. या दोन अपुरेपणांची तुलना केल्याशिवाय मुक्कामाची नीती कळत नाही.

आतापर्यंत चालणाऱ्याच्या कर्तव्याचा विचार झाला. परंतु मुक्कामाला दुसरा पक्ष असतो, तो म्हणजे शहर. दर वर्षी मकरसंक्रांतीपूर्वी गंगासागराला जाणारे साधू आणि यात्रेकरू कलकत्त्यात उतरतात. हुगळीकाठी बाबूघाटाच्या परिसरात त्यांच्यासाठी तात्पुरता तळ उभा राहतो आणि अनेक सेवासंस्था अन्न, औषध, पांघरुणे पुरवितात. इतर तीर्थे वारंवार, पण गंगासागर एकदाच, असे लोक म्हणतात. त्या एकदाच जाणाऱ्याला शहर दोन-चार दिवस आपल्या अंगणात जागा देते. शहराचे मोठेपण त्याच्या कायमच्या नागरिकांवरून जितके ठरते, तितकेच त्याच्याकडे कोणताही हक्क नसलेल्या पाहुण्यांना ते कसे वागविते यावरूनही ठरते.

पण याच शहराच्या पदपथांनी दुसरे पादचारीही पाहिले आहेत. १९४३ च्या दुष्काळात बंगालच्या खेड्यांतून भुकेली कुटुंबे कलकत्त्याकडे आली, पुष्कळशी पायीच. ती भात मागत नसत. भाताची पेज मागत. चौकशी आयोगाने बंगालमधील बळींचा आकडा सुमारे १५ लाख धरला. अमर्त्य सेन यांनी तो ३० लाखांच्या आसपास मानला. अन्नाच्या एकूण साठ्यापेक्षा ते मिळविण्याची ऐपत नाहीशी होणे हे या संहाराचे मूळ होते, असे सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. त्या वर्षी सरकारने निराधारांना शहराबाहेर नेण्यासाठी वटहुकूम काढला. त्यात मदतीचा हेतू होता, तसाच दृष्टीआड करण्याचाही होता. या पादचाऱ्यांना शहर मुक्काम देऊ शकले नाही. संकल्प करून निघालेल्याच्या स्वागताला शहर सजते. पोटासाठी निघालेल्याला तेच शहर अडथळा मानते. चालण्याचे कष्ट दोघांचे सारखेच, किंबहुना दुसऱ्याचे अधिक.

ही गोष्ट इतिहासजमा झाली असे समजण्याची सोय नाही. २०२० च्या टाळेबंदीत काम बंद पडलेले मजूर जालन्याहून भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. त्यांना पुढे मध्य प्रदेशात, आपापल्या गावी जावयाचे होते. ८ मे रोजी पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, थकून रुळांवरच झोपलेल्या या माणसांवरून मालगाडी गेली आणि सोळा जण मृत्यू पावले. त्यांच्या भाकरी रुळांवर विखुरलेल्या दिसल्या. ज्या प्रदेशात विसाव्याच्या जागांना ओटे बांधून शतकानुशतके जपले, जेथे पालखीच्या तळासाठी गावेच्या गावे राबतात, तेथे या सोळा जणांना पाठ टेकण्यास रूळ मिळाले. धर्मशाळा बांधणारी संस्कृती आपली आहे हे सांगताना, ती कोणत्या पादचाऱ्यासाठी बांधते हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

या सर्व उदाहरणांतून काही कसोट्या हाती येतात. मुक्काम करणाऱ्याने पाहावे, की आपले थांबणे त्या जागेला हवे आहे की केवळ आपल्याला. थांबल्यामुळे पुढे ज्यांचे नुकसान होईल त्यांची काही तजवीज आपण केली आहे काय. आणि निघून जाताना मागे राहिलेले काम कोणाच्या हाती आहे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतानाही काही माणसे वाट पाहत राहतील, आणि त्यांचे वाट पाहणे रास्त असेल. मुक्काम देणाऱ्याची कसोटी याहून सोपी आहे, आणि म्हणूनच ती चुकणे अधिक अक्षम्य आहे. दारी आलेला कोठून आला, कशासाठी निघाला आणि उद्या कोठे जाणार, हे विचारण्यापूर्वी त्याला टेकण्यास जागा आहे की नाही, एवढे पाहणे शहराला अशक्य नसते. हैदरी मंझिल आज गांधी भवन म्हणून जतन केलेली आहे, आणि तेथे जाणाऱ्याला तो इतिहास पाहता येतो. करमाडजवळच्या रुळांवरून गाड्या पूर्ववत धावत आहेत.